वर गेलेले हात

सोलापूरच्या गिरणीत मागांच्या खडखडाटापुढं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून कुंडलिक समोरच्याच्या हातांकडं बघून वागायचा. पुढं कान गेले, तरी अक्कल वापरायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. हात दिसत होते की!

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात भवानी पेठेतल्या भावकीनं येडूला वाळीत टाकलं. सगळ्यांचे हात वर गेले, तसा कुंडलिकचाही गेला. कशासाठी, हे त्यानं विचारलंही नाही. महिन्याभरात येडूच्या पोरीचं लग्न निघालं. भावकीतले चौघं तिकडं जेवायला निघालेले दिसले, तसा हा शहाणा त्यांच्यामागून जाऊन पोटभर हादडून आला.

रविवारी पुन्हा बैठक भरली. म्होरक्या रावजीचे ओठ हलले आणि हात वर झाले. त्यात पंगतीतले ते चौघंही होते. कुंडलिकनं तर दोन्ही हात वर केले. शेजारचा आप्पा तसाच बसून राहिलेला बघून हा त्याच्यावर खेकसला, “भितोस व्हय रं? कर की हात वर!”

आप्पानं कुंडलिकच्याच छातीवर बोट टेकवलं. येडूकडं जेवला म्हणून आज कुंडलिकलाच वाळीत टाकत होते.

कुंडलिकनं भोवती पाहिलं. सगळ्यांचे हात अजून वरच होते. मग त्यानंही आपले खाली घेतले नाहीत.