माझ्या मेंदूतले धुरे

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. स्वतःच्या मेंदूतला गोंधळ कोण सांगतं? पण सध्या मी फार खुशीत आहे.

मी एक जुना फँटम आहे. म्हणजे खोटा मेंदू. रक्त नाही, मांस नाही, नुसते आकडे. राहतो कॉम्प्युटरच्या पोटात. मशीन नसताना एमआरआयचे फोटो कसे निघतील, ते माझ्यावर करून बघतात. एकेकाळी मोठमोठ्या लोकांनी माझं कौतुक केलं. मग नवे फँटम आले आणि मला कोणी उघडेना.

उघडलं ते अमडापूरच्या प्रसेनजितने. कॉम्प्युटरचं सगळं काम मोबाईलवर बघून बघून शिकलेला. त्याची शाळेतली मैत्रीण काजल मेहकरला पोरींना स्कॅनचं काम शिकवते. पण वर्गात मशीनच नाही.

"पोरी पयल्यांदा बटन दाबतीन ते डायरेक्ट पेशंटवर," ती म्हणाली. "मले त्याचीच धास्ती हाय. सोमवारी वर्ग सुरू होते. काही कर."

माझ्यात तर सगळं एकत्र. कवटी, पाणी, करडा भाग, पांढरा भाग, कालवलेल्या भातासारखं. प्रत्येकाला वेगळा मास्क हवा होता. तोंडाला बांधतात तो नाही हं. रांगोळीचा छाप असतो ना, भोकं असतात तिथेच रांगोळी पडते? तसा. पांढऱ्याचा मास्क ठेवला की फक्त पांढरा भाग उमटतो.

प्रसेनजितने झपाझप मास्क केले. मी इतका सुबक कधीच दिसलो नव्हतो. मग त्याने फोटो काढला. जिकडेतिकडे काळ्या रेघा! दर दोन भागांमध्ये त्याने बारीक पट्टी मोकळी सोडली होती, शेताच्या बांधासारखी.

काजल बघतच राहिली. "मेंदूत धुरे काऊन सोडले रे?"

"मंग? दोन वावरात धुरा नसला त भांडनं होतात."

"तुह्या काकायसारखं इथं कोनी भांडत नाही."

"मंग शिवेवर काय पेरू?"

"तूर अन् सोयाबीन एका वावरात पेरता ना तुम्ही? फोटोतल्या शिवेवरच्या ठिपक्यात दोनीबी रायते. थोडं हे, थोडं ते."

त्याने धुरे मोडले. माझे सगळे शेजारी पहिल्यांदा एकमेकांना टेकले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी समता नावाच्या पोरीने उलटीच बटणं दाबली. मी पापडासारखा पांढराफट्ट आलो. सगळ्या हसल्या, मीपण हसलो. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी तिने माझा फोटो झकास काढला.

मित्रांनो, शिकताना चुका खुशाल करा, पण माझ्यावर करा. आणि जुना झाला म्हणून माझ्यासारख्याला पुसून टाकू नका.

त्याच दिवशी वर्गात समताने विचारलं, "मॅडम, याच्यात गाठ असली त कशी दिसंन?"

काजलने मागे वळून पाहिलं. प्रसेनजित भिंतीला टेकून उभा होता.

"गाठीचाबी मास्क टाकतो," तो तिला म्हणाला. "तुह्या पोरीयले पयली गाठ मानसात नाही दिसनार काजल, याच्यातच दिसंन. शब्द देतो."