मारुतीच्या नावचं लाकूड

इंग्रजी अमलात वऱ्हाडचा कारभार नुकताच नागपूरला गेला होता, त्या सुमारास जानेफळात लाकडी आखाडा उभा राहिला. चारी बाजूंनी सागाच्या पायऱ्या, अख्खी पंचक्रोशी बसून कुस्ती पाहील असा थाट. फळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून तो बांधणाऱ्या पुंजाजी आणि अर्जुनराव पाटील या दोघा जोडीदारांनी नारळ फोडून सगळं लाकूड मारुतीच्या नावाने सोडलं. हे शहाणपण पुढे अंगाशी आलं. कैक वर्षांनी वाळवी लागली, ऐन कुस्त्यांच्या दंगलीत एक पायरी कोसळली, माणसं जायबंदी झाली, आणि अर्जुनरावांनी पुंजाजीला न विचारता आखाडा पाडायला लावला.

पाडला खरा, पण देवाचं लाकूड घरी न्यायचं कुणी? चुलीत घालता येईना, गोठ्याला लावता येईना. शेवटी गावाने ठरवलं, मसणात जाळलं तर चालेल.

"मंग माया सरणाले ठेवा," पुंजाजी म्हणाला.

म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार? तेव्हापासून तो ढिगाची राखण करू लागला. गवताने शाकारायचा, शेळ्या हाकलायचा. अर्जुनरावांशी बोलणं कायमचं बंद. मरण मात्र येईना, आणि वाट पाहून तो पार थकून गेला.

श्रावणात झड लागली. एका सकाळी अर्जुनरावांचा मुलगा पंजाबराव भिजत दारात उभा राहिला.

"काका, बाबा गेले. गावात वाळेल लाकूड कुठंच नाही भेटून राह्यलं. कोन्या तोंडानं मागू तुमाले?"

ही बातमी ऐकून काळजाला थंडावा मिळेल, असं पुंजाजीला इतकी वर्षं वाटत होतं. तसलं काही झालं नाही.

"न्या रे बापा. गवत बाजूले करा, खालचं कोरडं हाये."

"अन् तुमच्यासाठी?"

"माया इचार नोका करू. मले आता राखण नाही होत."

दुपारी पाऊस उघडला. सरण रचता रचता तरण्या माणसांनी विचारलं, आखाडा होता तरी कसा? पुंजाजी दगडावर टेकून सांगू लागला. पहिली दंगल, ढोल, रोहिणखेडचा तो उंचापुरा पैलवान... त्याचं नाव काही केल्या आठवेना.

"काय नाव होतं बे त्याचं, अर्जुना?" म्हणत त्याने सरणाकडे मान वळवली, आणि मग तो हमसून हमसून रडू लागला.