चेंदणीतल्या पंधरा मीटर वायरीची हळद

“सर, वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमधलं चित्र खालच्या मजल्यावरच्या टीव्हीत उतरवता येतं का?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारला गेला नसता तर मी आज तुमच्याशी बोलत नसते. एकोणीसशे नव्व्याण्णव साली ठाण्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये चेंदणी कोळीवाड्यातल्या शालू नावाच्या नववीतल्या मुलीने तो विचारला. तोही आपण होऊन नाही. शेजारी बसलेली शीला तिला कोपराने ढोसत होती. “विचारून दाखव! नाही विचारलंस तर उद्यापासून तुझं नाव भित्री भागूबाई!” शालू ताडकन उभी राहिली आणि विचारून बसली. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “येतं की! कॉम्प्युटरच्या मागे टीव्हीसाठी भोक असलं म्हणजे झालं. पण एवढी लांब वायर आणशील कुठून?”

ती वायर म्हणजे मी. काळी, पंधरा मीटर लांब, आणि आता बरीच जुनी. माझ्या पोटात दोन पदर आहेत. एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून आवाज. डोंबिवलीला मानपाड्याच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि वेटोळं होऊन ठाण्याला गुणाजी मिस्त्रींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. तिथे वर्षभर धूळ खाल्ली. मिस्त्रींची मांजर माझ्यावर झोपायची, एवढाच काय तो माझा उपयोग.

शालू दुकानात आली ती पळतच. मिस्त्रींनी मला मापून कापलं आणि टोकांना पिवळी आणि लाल पिन लावायला घेतली. शालू म्हणाली, “काका, एक टोक मी करू?” मिस्त्रींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि डाग द्यायची तापलेली सळई तिच्या हातात दिली. “कथील ओघळू देऊ नको. आणि बोट भाजलं तर माझ्या नावाने ओरडायचं नाही.” बोट भाजलं. ती ओरडली नाही. डांबरी वासाचा धूर निघाला आणि माझं एक टोक तिच्या हातून जन्माला आलं. मिस्त्रींनी खूश होऊन जुनी सळई तिला सरावाला देऊन टाकली.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तेही ऐका. शालूची मोठी बहीण शेवंती हिचं नुकतंच लग्न झालं होतं. लग्नाला चार दिवस उरले असताना होडी ओढताना तिच्या बाबांचा, दामाजींचा पाय मोडला. दवाखान्यातून त्यांनी निरोप धाडला, “तारीख हलवायची नाय. पोरीची हलद थांबता कामा नये.” लग्न लागलं आणि बाप पाय टांगून खाटेवर! शूटिंगवाल्याने कॅसेटऐवजी नव्या पद्धतीची सीडी दिली. ती चालणार कशावर? सगळ्या गल्लीत कॉम्प्युटर एकच, अंगणापलीकडच्या वरच्या मजल्यावरच्या श्रीपादचा. तो त्यावर लग्नपत्रिका छापायला तयार करायचा. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावं लागे, आणि कॉम्प्युटर जागचा हलवायची तर गोष्टच सोडा. दामाजी घरी आले होते, पण प्लास्टरचा पाय घेऊन जिना चढणं शक्य नव्हतं. ते रोज विचारायचे, “हलदीला माझी पोर कशी दिसत होती गो?” शालूची आई सगुणा सांगायची, “ग्वाड दिसत होती.” पण सांगून का हळद दिसते?

श्रीपादने रविवारची दुपार दिली. “चार ते पाच. पाचला पत्रिकेची पार्टी येणार. एक मिनिट जास्त नाही.”

रविवारी जेवणं झाल्यावर शालूने मला श्रीपादच्या खिडकीतून अंगणावरून आपल्या खिडकीत ओढून घेतलं. मी अशी ऐटीत तरंगत होते की काय सांगू! शालू सीडी आणायला आत गेली आणि तेवढ्यात सगुणाबाई धुतलेले बोंबील घेऊन अंगणात आल्या. त्यांना दिसली ताणलेली, स्वच्छ, नवी कोरी दोरी. त्यांनी काय करावं? दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि भराभर माझ्यावर वाळत घातले. पन्नास जोड्या! मी वाकले, ताणले, आणि वरच्या खिडकीत कट्‌ आवाज झाला. माझी पिवळी पिन तुटली.

“आई!” शालू किंचाळली. “अगं, ही वायर आहे!”

“मंग वायरीला काय झालं? दोरीपरी चांगली मजबूत हाय.”

“यातून ताईची हळद येणार होती!”

सगुणाबाईंनी बोंबलांकडे पाहिलं, खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. लगबगीने त्या एकेक जोडी उतरवू लागल्या.

चार वाजून गेले होते. मिस्त्रींचं दुकान रविवारी बंद. शालूने मिस्त्रींची सळई तापवली. या वेळी शेजारी सांगायला कुणी नव्हतं. तिने माझं टोक सोललं, तारा पिळल्या, जीभ दाताखाली धरून कथील टेकवलं. मित्रांनो, कथील जराही ओघळलं नाही.

साडेचारला चित्र आलं. वाजंत्री वाजली, बायकांची गाणी ऐकू आली. दामाजी उशीला टेकून बसले. पण सगळं काळंपांढरं!

“ही हलद हाय का चुलीतली राख?” दामाजी हळूच म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

“टीव्हीचा रंग गेला असेल,” वरून श्रीपाद ओरडला.

“सकाळी बातम्या रंगीत होत्या!” शालू धावत जिना चढली. वाटेत तिने विचार केला. टीव्ही बरा आहे. वायरही बरी आहे, नाहीतर चित्रच आलं नसतं. मग उरलं काय? तिने कॉम्प्युटरमध्ये टीव्हीची सेटिंग उघडली. तिथे देशांची लांबलचक यादी होती आणि निवड होती अमेरिकेवर. बिचारा कॉम्प्युटर तिकडच्या टीव्हीला कळेल अशा भाषेत बोलत होता! आपल्या टीव्हीला चित्र कळलं, रंग कळले नाहीत.

“हात लावू नको!” श्रीपादने कपाळाला हात लावला. “माझ्या पत्रिका उडाल्या तर?”

“दादा, पत्रिकांना धक्का लागणार नाही. फक्त देश बदलायचाय. बदलू?”

श्रीपादने घड्याळ पाहिलं, खालच्या खिडकीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. “बदल. मी बघत नाही.”

शालूने ‘भारत’ निवडलं. क्षणभर माझ्या पोटात काळोख झाला. मग माझ्यातून असे रंग धावले, असे धावले, की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. खालून सगुणाबाईंची आरोळी आली, “आली गो बाय! हलद आली!”

पिवळीधमक शेवंती पाटावर बसली होती. शेजारी बापाचा पाट रिकामा होता आणि त्यावर दामाजींची लाल टोपी ठेवलेली. शेवंतीने हळदीचं पहिलं बोट त्या टोपीला लावलं आणि मग स्वतःच्या गालाला. हे दामाजींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून उलटीसुलटी पाहिली. “म्हणून हा पिवला डाग! आनि मी समजलो कालवन सांडलं.” ते हसले आणि हसता हसता टोपीतच तोंड लपवून रडले. सगुणाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बोंबलांच्याच हाताने.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ काम केलं. बारशी, साखरपुडे, क्रिकेटच्या सीडी. गल्लीभर माझं कौतुक झालं. मग सगळ्यांकडे सीडी चालवायची पेटी आली आणि मी माळ्यावर गेले. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे की आम्हा वायरींना ओढून काढू नका. पिन धरून हळूच काढा, सैल वेटोळं करा. आणि कृपा करून आमच्यावर मासळी वाळत घालू नका. त्या वासाने माळ्यावरसुद्धा मांजरं अजून माझा पिच्छा सोडत नाहीत.

बाकी मला त्या रविवारचा पाचचा ठोका अजून आठवतो. श्रीपादची पार्टी जिना चढत होती. शालूने मला पिन धरून सोडवलं, खांद्यावर वेटोळं टाकलं आणि खाली येऊन दारातच उभी राहिली. हातावर कथलाचे डाग, नाकाला काजळी. दामाजी अजून डोळे पुसत होते.

“बाबा, आई, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “दहावी झाली की मी आयटीआयमध्ये नाव घालणार. रेडिओ-टीव्हीच्या कोर्सला. वर्गात पोरगी मी एकटीच असले तरी.”