चोचीतलं पाणगवत

बाबा गेल्यापासून आई तळ्याकडे फिरकली नव्हती. ॲम्स्टरडॅमच्या पश्चिमेला आमच्या घरासमोरच बाग आणि बागेत ते तळं. पण ती त्या बाजूच्या खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नसे. पाखरांचं वेड दोघांचं होतं. माणूस गेलं ते गेलं, आता ती पाखरंही सोडून देणार, अशी मला धास्ती होती. मार्चमधल्या एका रविवारी आमच्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींची वर्षातली पहिली फेरी निघाली, तेव्हा मी तिला अक्षरशः ओढून नेलं.

"कॉफीपुरती येते," ती म्हणाली. "पाखराकडे बघायला सांगितलंस तर घरी."

आमच्यात एक रिवाज आहे. तळ्यात बुड्या मारणाऱ्या तुरेवाल्या टिबुकल्या, त्या पाणपाखरांचा प्रणयनाच त्या वर्षी ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं तो तोंडानं सांगायचा नाही. काठावर करून दाखवायचा. जोडीनं. अंगानं करता येत नाही ते आपण नीट पाहिलेलंच नसतं, असं बाबांचं म्हणणं. इतकी वर्षं तो आधी त्या दोघांनाच दिसायचा; नर बाबा आणि मादी आई.

यंदा तो मला दिसला होता, कामावर जाताना सायकलवरून. उत्साहाच्या भरात मी ते बोलून गेले आणि मग जीभ चावली. सगळे आईकडे बघू लागले. आई कॉफीत बघू लागली.

"मी होतो मादी," शूर्दकाका म्हणाले. आयुष्यभर ट्राम चालवलेला हा माणूस दाराच्या चौकटीत वाकूनच शिरतो.

"गुडघ्यांना विचारलंस का रे?" बाकावर बसलेल्या, आमच्यातल्याच वेंडेलबाईंनी टोमणा मारला.

आम्ही समोरासमोर उभे राहून माना हलवल्या. डावीकडे, उजवीकडे. मग बुडी मारल्यासारखं वाकून काठचं पाणगवत उपटलं आणि दातांत धरलं. ते थंडगार होतं, आणि चव विचारू नका.

"यात गोगलगाय आहे," काका गवतातून म्हणाले.

व्यायामासाठी पळणारा एक गृहस्थ थबकला. "यांना काही होतंय का? डॉक्टर बोलवू?"

"नको हो," वेंडेलबाई म्हणाल्या, "यांचं जमतंय."

"थांबा!" आईनं पेला बाकावर आपटला. "शूर्द, तू टिबुकली आहेस की रुळावरून घसरलेली ट्राम? मान ताठ! आणि यिस्का, आधी उंच व्हायचं, मग छाती भिडवायची. तुझ्या बापानं जन्मभर काय दाखवलं तुला?"

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडी बाबांचा उल्लेख आला नव्हता.

"दे ते गवत."

"तोंडातलं?" काकांनी विचारलं.

"नाही, खिशातलं! दे म्हणते ना."

तिनं ते दातांत धरलं आणि माझ्यासमोर आली. मान अशी हलवली की चष्मा उडून वेंडेलबाईंच्या मांडीवर पडला. मग आम्ही छातीला छाती लावून उंच झालो आणि जागच्या जागी भराभर पाय मारू लागलो. तिनं बाबांचा रेनकोट घातलाय, हे मला तेव्हा कुठे कळलं.

काठ ओला होता. तो आम्हा दोघींना घेऊनच खाली सरकला.

गुडघाभर पाण्यात आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मग आईच्या दातांतल्या गवतामागून हंसाच्या कलकलाटासारखा आवाज फुटला. ती हसत होती. काका बाकावर आडवे झाले, आणि तो पळणारा गृहस्थ काही न समजताच पोट धरून हसत बसला. मला इतकं हसू आलं की उभं राहायला मी तिचाच आधार घेतला. तोंड तिच्या खांद्यात खुपसलं, आणि ते बराच वेळ तिथेच ठेवलं.

"श्श!" आईनं एकदम गवत थुंकलं. "गप्प बसा सगळे!"

लव्हाळ्यांपलीकडे दोन तुरे वर आले होते, आणि त्यातल्या एकाच्या चोचीतून काहीतरी लोंबत होतं. आईनं नजर न हलवता माझ्या गळ्यातली दुर्बीण उतरवून घेतली.

"आई, बुटांत पाणी शिरलंय. वर चल, गारठशील."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "आणि माझ्या समोरून बाजूला हो आधी, काही दिसत नाहीये."