नव्या पाट्या

धावफलकाच्या आत सकाळ एकदम येत नसे. आधी ती सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फटीतून बोटभर शिरे, फळ्यांच्या भिंतीला काही काळ तशीच टेकून राही, आणि ईरी सरोवरावरचं धुकं विरू लागलं की एकेका खिडकीतून खाली उतरे. बेसबॉलच्या नऊ डावांपैकी प्रत्येकासाठी एक, अशा त्या चौकोनी खिडक्या होत्या. त्यांतून आलेले उजेडाचे चौकोन जमिनीवर ओळीनं पडत आणि कुणी मांडून ठेवल्यासारखे स्थिर राहत. त्या उजेडाला म्हणावा असा रंग नव्हता. त्यात पोलादाच्या भट्ट्यांचा धूर मिसळलेला असे, नुकतंच पाणी मारलेल्या गवताची ओल असे. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून तो पाहत असे. आपल्याला कुणी पाहत नसताना एखादी गोष्ट पाहत राहणं, एवढंच मला आयुष्यात नीट जमलं आहे.

त्या जुलैच्या सकाळी मात्र जमिनीवरच्या एका चौकोनात काहीतरी चमचमत होतं. तो लोखंडाचा कीस होता. बाबा पालथ्या खोक्यावर बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर एक नवी पाटी आडवी होती आणि हातात कानस.

क्लबनं या सामन्यासाठी चाळीस नव्या पाट्या करून घेतल्या होत्या. हिरव्या रंगावर पांढरे, हातभर उंचीचे आकडे. कारणही तसंच होतं. देशातल्या दोन्ही बेसबॉल लीगमधले निवडक खेळाडू वर्षातून एकदाच समोरासमोर येत, आणि प्रत्येक जण आपल्या क्लबचाच शर्ट घालून येई. त्यामुळे एकाच बाजूला चार नंबरचे तीन-तीन खेळाडू व्हायचे. म्हणून छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येकाला त्या दिवसापुरता वेगळा क्रमांक दिला होता. फलंदाज मैदानात आला की तो क्रमांक फलकावर लावायचा, म्हणजे लोकांना तो कोण ते कळे.

पहाटेच येऊन काय करताय, असं मी विचारलं. कानस न थांबवता ते म्हणाले, "नव्या पत्र्याच्या कडा बोटं कापतात रे. जरा घासून घेतोय."

मला ते पटलं. बाबांचं म्हणणं पटवून घेण्याची मला सवय होती.

माझे वडील विन्सेंती सोबचाक यांनी बारा वर्षं वितळत्या लोखंडासमोर काढली आणि नंतरची सोळा या फलकामागे. मी सतरा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी मला वरच्या मजल्यावर घेतलं. इतर शहरांतल्या सामन्यांचे निकाल तारयंत्रावर येत, ते मी वर लावी. ते खाली आमच्या मैदानावरचा खेळ सांभाळत. सहा उन्हाळे आम्ही एकाच लाकडी पेटीत काम केलं, पण त्यांना काम करताना मी पाहिलं नव्हतं. आमच्यामध्ये फळ्यांची जमीन होती, आणि मला ती बरी वाटे.

जूनमध्ये त्यांच्या हातून एक चूक झाली होती. त्या आठवड्यातच संघात आलेल्या एका खेळाडूसाठी त्यांनी तीनच्या जागी आठ लावला. त्या खेळाडूनं बॅट उंचावून फलकाकडे दाखवलं आणि अख्खं स्टेडियम हसलं. संध्याकाळी व्यवस्थापक हॅलोरन जिना चढून आले. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून बोलले. बाहेर पोलादाचे कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते आणि फलकाच्या कामासाठी रोज दहा तरुण दारात उभे राहत, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते आम्हाला ठाऊक होतं. ते म्हणाले, "मोठ्या सामन्याला देशभरचे वार्ताहर येणार, विन्सेंती. त्या दिवशी एक जरी आकडा चुकला, तर मला तुला तिकिटांच्या दारावर बसवावं लागेल."

जूनचं ऊन समोरून येतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी तीननंतर कुणाचीही चूक झाली असती.

त्यानंतर सामन्याआधीच्या तीन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाबांनी मला खेळाडूंची यादी वाचायला लावली. चष्म्याची काडी मोडली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. राय धान्याचा पाव कोबीच्या सुपात बुडवत ते ऐकत: नाव, क्लब, टोपीचा रंग, रोजचा नंबर, त्या दिवसाचा नंबर. तिसऱ्या संध्याकाळी तेच मला म्हणून दाखवू लागले. आई म्हणाली, एवढ्या भक्तीनं प्रार्थना म्हटली असती तर फादरनी तुम्हाला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

दुपारपर्यंत स्टेडियम भरलं. त्या दिवशी देशात दुसरा सामनाच नव्हता. तारयंत्र मुकं पडलं होतं आणि वरच्या मजल्यावर मला काही काम नव्हतं. बाबांनी खालून हाक मारली.

"ये की खाली. वर एकटा बसून बसून पाद्री व्हायचास. सहा महिने झाले, त्या शेंगदाणेवालीला नुसती टोपी काढून दाखवतोस."

"ती कामात असते."

"असणारच. तुझी वाट बघत थोडीच बसेल?"

मी खाली उतरलो आणि पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

खिडकीतून मैदान दिसत होतं. हिरवं, खूप मोठं आणि शांत. आमच्या लीगचे खेळाडू पांढऱ्यात, पाहुणे राखाडीत. आमचा एकेक फलंदाज पुढे येई आणि बाबा क्षणभर मान तिरकी करून पाटी लावत. हा डाव्या पायावर भार देऊन चालतो, हा बॅट मातीवर दोनदा आपटतो, असं ते पुटपुटत. पाहुण्यांचा क्रम त्यांना पाठ होता. बॅटचा नुसता टण्ण आवाज झाला की चेंडू हवेत असतानाच ते म्हणत, "गेला कुंपणापार," आणि खरंच तो जाई. तिसऱ्या डावात ते शीळ घालू लागले. इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ती खुशी मलाही लागली. बरणीतली आंबट काकडी आम्ही वाटून खाल्ली.

सहाव्या डावात पाहुण्यांनी पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, जागी बदली फलंदाज पाठवला. कर्ण्यातून नाव पुकारणारा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा होता. सरोवरावरच्या वाऱ्यात आमच्यापर्यंत नुसता घोगरा आवाज आला. बाबांचा हात पाट्या टांगलेल्या खुंट्यांच्या रांगेसमोर हवेत थांबला. त्यांनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. त्या माणसाची चाल त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. फलकावर पाटीच्या जागी रिकामा काळा चौकोन होता आणि वार्ताहरांच्या मजल्यावरून कुणी तरी दुर्बीण आमच्याकडे वळवली.

बाबा माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "तादेक, टोपी कसली?"

"तांबडी."

"पाठीवर?"

"चार."

"तांबडी टोपी, चार. म्हणजे सव्वीस."

त्यांचा हात खुंट्यांवरून सरकू लागला. अंगठा प्रत्येक पाटीच्या डाव्या कडेवरून फिरे आणि पुढे जाई. एका पाटीपाशी तो थांबला. त्या कडेवर कानशीनं पाडलेल्या दोन खाचा होत्या. खाली थोडी मोकळी जागा, आणि मग सहा. अंगठ्यानं त्या मोजल्या. बाबांचा चेहरा सगळा वेळ खिडकीकडे, उन्हाकडे होता.

जुन्या पाट्यांच्या कडांवरही अशाच खाचा होत्या. त्या खिळ्यांनी पडल्या असाव्यात, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो.

सव्वीस वर लागला. स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या, फलंदाजासाठी अर्थात. तिथून पुढे मी टोपी आणि नंबर सांगत गेलो आणि बाबांचा अंगठा पाट्या शोधत गेला. नवव्या डावापर्यंत एकही आकडा चुकला नाही.

सामना संपल्यावर हॅलोरन आले. त्यांनी बाबांचा हात शोधून हातात घेतला आणि फलक तुझाच, असं सांगितलं. बाबांनी आभार मानले. मग शांतपणे म्हणाले, "एक विनंती आहे. वरच्या मजल्याला दुसरा कुणी तरी बघा. उद्यापासून हा खाली, माझ्या शेजारी उभा राहील."

हॅलोरननी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "तुझा फलक, तुझी माणसं," ते म्हणाले आणि टोपी घालून उतरले.

संध्याकाळच्या उन्हात आम्ही ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. बाबांच्या हाताला ताज्या लोखंडाचा वास येत होता. सातव्या डावातला तो झेल काय झेल होता, चेंडू कसा सरोवराकडे झेपावला होता, हे ते रंगवून सांगत होते, आणि ते सगळं अगदी तसंच घडलं होतं. वळणावरून एक ट्राम आली. तिच्या कपाळावर आमच्या पाट्यांएवढाच मोठा पांढरा आकडा होता.

"कितीची आली रे?" बाबांनी विचारलं. हे ते रोज विचारत.

"अठरा," मी म्हणालो. हे मी रोज सांगत असे.

आकडे बाबांना दिसत नव्हते.