चौदा पावत्या, दोनदा

बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याउभ्याच त्यांची हिशोबाची वही चाळत होती. बसलं की लगेच उठावंसं वाटे, म्हणून तिने बसायचंच सोडून दिलं होतं.

बाबा नातीच्या शाळेतल्या पालक-शिक्षक संघाचे खजिनदार होते. खरं तर सभेला तिने जायचं. पण तिला सवड कुठली! म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्याऐवजी बाबा गेले, ते खजिनदार होऊनच परतले. "कोणी हात वर करेना," त्यांनी सांगितलं होतं, "मी मान खाजवायला केला, तर टाळ्याच वाजल्या." पाणीपट्टीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं रोखपाल म्हणून बसलेल्या माणसाच्या हाती पुन्हा पत्र्याची पेटी, पावतीपुस्तक आणि वही आली. स्वारी खूश होती.

आज शनिवार. अकराला सभा, आणि तिथे हे सगळं परत करायचं होतं. पेटीतली रक्कम वहीतल्या शिलकेशी पैन् पै जुळत होती. दुसऱ्या कोणी तेवढं पाहून वही मिटली असती. पण ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. एकच ओळ दोनदा आली की तिचा डोळा आपोआप अडखळे. तीन दिवसांपूर्वी तो अडखळला. एकाच मुलाची तीनशेची वर्गणी दहा तारखेला मांडलेली होती आणि बारा तारखेलाही. पावती एकच. मग तिने सगळी वही पावत्यांशी ताडून पाहिली. चौदा पावत्या दोनदा मांडल्या गेल्या होत्या.

हे कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. शंकासुर! म्हणजे चौथीतल्या एका मुलीचा बाप, औषधाच्या दुकानाचा मालक. नाव बाबांनीच ठेवलेलं. सहा महिन्यांपूर्वी तो भर सभेत म्हणाला होता, "आजोबा, तुमच्या वहीत काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार? पैसे दिले की पालकांनी ग्रुपवर लिहावं, आणि तुम्ही तेही धरत चला." बाबांना ते झोंबलं होतं. तेव्हापासून ते पावती फाडली की वहीत मांडत, आणि दोन दिवसांनी फोनवर 'पैसे दिले' असं दिसलं की काही जणांचं पुन्हा मांडत. ज्यांचं आधी मांडल्याचं आठवत नसे, त्यांचं.

म्हणजे वहीपेक्षा पेटीत बेचाळीसशे कमी भरायला हवे होते. भरत नव्हते. खिडकीमागचा नियम तिला लहानपणापासून पाठ होता: तूट आली की त्याच दिवशी खिशातून भरायची आणि घरी तोंड उघडायचं नाही.

आणि खिशात कुठून आले, तेही तिला कळलं होतं. कवळीसाठी तिने त्यांना पैसे दिले होते. "दातवाल्याकडे फार गर्दी असते गं," असं ते सांगत राहिले आणि पाव दुधात बुडवून खात राहिले. एकदा ती वैतागून म्हणाली होती, "गर्दीबिर्दी काही नाही बाबा, तुम्हाला आळस नडतो." हे वाक्य आठवलं की ती हातातली वस्तू उचलून दुसरीकडे ठेवी. तीन आठवड्यांत घरातली एकही गोष्ट जागेवर राहिली नव्हती.

काल तिने अध्यक्षबाईंना सगळं सांगितलं. बाईंचं शिवणकामाचं दुकान. मापाची फीत गळ्यात, टाचण्या ओठांत.

"एवढंच ना? नवी वही आण, बरोबर उतरवून काढ. तुझे बेचाळीसशे काढून घे. कोणाचं काही बुडत नाही."

"आणि बाबांची वही?"

"हरवली म्हण. गेलेल्या माणसाची लक्तरं टांगायची का वेशीवर? तो शंकासुर टपलेलाच आहे. मुलं एकशे बारा आणि वर्गण्या एकशे सव्वीस. एका दमात पकडेल तो."

तिने नवी वही आणली. बाबांसारखं उभट अक्षर काढत तीन पानं उतरवलीही. तिसऱ्या पानावर त्यांचा सात इतका हुबेहूब जमला की तिने पेन खाली टाकलं. आता दोन्ही वह्या पिशवीत घालून ती निघाली. दाराला कुलूप लावलं, परत येऊन ओढून पाहिलं, कोपऱ्यावरून पुन्हा मागे आली.

सभा दुसरीच्या वर्गात होती. वीसेक मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती खिडकीशी उभी राहिली. गणिताच्या बाई इतिवृत्त लिहीत होत्या.

"खजिनदारांचा हिशोब," अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या. "आजोबांची वही काही सापडत नाहीये. त्यांच्या मुलीने पावत्यांवरून नवीन..."

"वाटलंच मला," शंकासुर म्हणाला.

मोठ्याने नव्हे. शेजारच्याला म्हणावं तसं. पण तिला ते ऐकू गेलं, आणि वही हरवलेलीच राहिली तर या 'वाटलंच'ला कधीच कोणी उत्तर देऊ शकणार नाही, हेही तिच्या ध्यानात आलं.

"सापडली आहे," ती म्हणाली आणि जुनी वही टेबलावर ठेवली.

अध्यक्षबाईंनी डोळे मोठे केले. तिने तिकडे पाहिलं नाही. दोनदा मांडलेल्या चौदा पावत्या तिने तारखांसकट एकेक करून वाचल्या. सातव्या पावतीनंतर ती थोडी थांबली, मग पुढे वाचू लागली. तूट कोणी भरली ते सांगितलं. कवळीचं सांगितलं नाही.

"म्हणजे पेटीत जास्तच निघाले की!" मागून बेकरीवाला म्हणाला. "असा खजिनदार आणखी दहा वर्षं हवा होता." दोघं-तिघं हसले.

"लिहू काय मग?" गणिताच्या बाईंनी विचारलं. "देणगी?"

"हो, देणगीच लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "छान दिसेल."

"देणगी नाही," ती म्हणाली. "चूक लिहा. त्यांना विसरायला होत होतं. मलाही कळलं नाही."

गणिताच्या बाई लिहू लागल्या. शंकासुर उठला, टेबलाशी आला. वहीची पानं त्याने उलटली. दहा तारीख, बारा तारीख, पुन्हा मागे. कानामागे पेन होतं, ते त्याने काढून खिशात घातलं.

"ग्रुपवरचं धरा असं मी सांगितलं होतं," तो गणिताच्या बाईंना म्हणाला. "तेही लिहा." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, हे पैसे तुमचे आहेत. इथेच मोजून घ्या, सगळ्यांसमोर. नाहीतर पुढच्या वर्षी मीच विचारीन."

त्याने पेटी तिच्यासमोर सरकवली. नोटा लहानमोठ्या, मळलेल्या, काही टाचणीने जोडलेल्या. ती मोजू लागली. सतराशेपर्यंत आली आणि आकडा हातचा सुटला. तिने वर पाहिलं. कोणी घड्याळ पाहत नव्हतं. शंकासुराने एक बाक ओढून तिच्यामागे ठेवलं.

ती बसली, नोटा पुन्हा एकत्र केल्या आणि पहिल्यापासून मोजायला लागली.