ट्रॉलीच्या वाटेवरचा खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसू नका, मित्रांनो! घड्याळानं आपली कहाणी सांगितलेली चालते, छत्रीनं सांगितलेली चालते, मग खड्ड्यानंच का गप्प बसावं? माझं तर सगळं अंग म्हणजे तोंडच होतं.

माझा जन्म पंप दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वर्कशॉप दोघा भावांचं. थोरला दादा कामापुरतं बोलणारा. धाकटाही कामाचा, नाही असं नाही. पण तो कामाच्या आधी बोलायचा, काम करताना बोलायचा आणि काम झाल्यावर तर विचारूच नका. एकदा असाच बोलता बोलता त्याच्या हातून हातोडा निसटला आणि सिमेंटच्या कोब्याचा टवका उडाला. तोच मी. तेव्हा मी जेमतेम बटणाएवढा होतो.

दादा म्हणाला, "आत्ताच बुजवून टाक रे."

"एवढ्याशाला काय बुजवायचं?" धाकटा म्हणाला. झालं! मला आयुष्य मिळालं.

दुरुस्त झालेले पंप लोखंडी ट्रॉलीवरून दाराकडे जायचे आणि मी नेमका त्या वाटेवर. रोज चाक आदळायचं, रोज माझी कड ढासळायची. बघता बघता मी चांगला वाटीएवढा झालो. मग काय, माझा थाट वाढला. कुणाचा नट हरवो, वॉशर हरवो, सगळे आधी माझ्यात बोटं घालून बघायचे. दादा तर रोज सकाळी चहाचा शेवटचा घोट माझ्यात ओतायचा आणि म्हणायचा, "घे बाबा, तूही घे." खोटं कशाला सांगू, माझा त्याच्यावर फार जीव होता.

धाकट्याला मात्र पुढे पुढे गिऱ्हाइकांसमोर माझी लाज वाटायला लागली. मग तो मला बुजवायला लागला. त्याची तऱ्हा ऐका. झाडू घेऊन तो आजूबाजूची सगळी धूळ गोळा करायचा आणि लोटायचा कुठे? माझ्यातच! म्हणायचा, "तेवढंच सिमेंट कमी लागतं." तळाशी मुरलेलं तेल तसंच. वरून पातळ सिमेंटचा हात फिरवायचा, थापीनं गुळगुळीत करायचा आणि ते वाळायच्या आत त्यावर टाच आपटून ओरडायचा, "वहिनी, या बघा! दगड झालाय, दगड!"

वहिनी, म्हणजे दादाची बायको, कोपऱ्यात बसून पंपांच्या मोटारींच्या तारा गुंडाळायच्या. त्या मान वर न करता म्हणायच्या, "भावजी, आधी बूट काढा त्यातून."

दादा सांगून सांगून थकला. "अरे, आतली घाण काढ. तेल धू. कडा छिन्नीनं सरळ काप. आणि चार दिवस दम धर." धाकटा हो हो म्हणायचा आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. आठवड्याच्या आत तो पापुद्रा चाकाबरोबर निघून जायचा आणि मी पुन्हा आ वासून हजर. मला गुदगुल्या व्हायच्या. वाटायचं, आपल्याला बुजवणारा अजून जन्माला यायचाय.

आणि मग ते घडलं. दादा एक जडशीळ पंप ट्रॉलीवरून नेत होता. मी धाकट्याच्या ताज्या पापुद्र्याखाली लपलेलो, त्यामुळे दादाला वाट सपाट वाटली. पापुद्रा फुटला, चाक माझ्यात रुतलं, ट्रॉली कलंडली आणि पंप धाडकन दादाच्या पायाला घासून पडला. चपलेचा अंगठा तुटला. पाय वाचला तो नशिबानं.

दादा पांढराफटक पडला होता. "उघडा होता तेव्हा निदान दिसत तरी होता," तो म्हणाला. "तुला माझं ऐकायचंच नाही ना? मग मी उद्यापासून येत नाही." आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी घेऊन तो चालू लागला. वहिनीही मागोमाग उठल्या.

दुसऱ्या दिवशी चहा नाही, "घे बाबा" नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटा एकटाच आला. माझ्यात पडलेला चपलेचा अंगठा त्यानं उचलला आणि ओक्साबोक्शी रडला. आईवडलांच्या मागे दादानंच त्याला वाढवलं होतं हो!

मग डोळे पुसून त्यानं छिन्नी घेतली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून असेल, पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच तोंड मिटून राबला. माझ्या कडा सरळ कापल्या. जुने पापुद्रे, धूळ, गंजलेले नट, सगळं उपसलं. साबणाच्या पाण्यानं तेल खरवडून काढलं. इतका स्वच्छ मी जन्मल्या दिवशीसुद्धा नव्हतो! मग मला ओलं करून त्यानं सिमेंट-वाळूचा घट्ट माल ठोकून ठोकून भरला आणि कोब्याच्या बरोबरीनं सपाट केला. मनात आणलं असतं तर मी एखादी कड सोडून दिली असती. पण दादाचा पाय आठवला आणि मी तो माल गच्च धरून ठेवला.

टाच? उचलली होती हो त्यानं! पण ती हवेतच थांबली. मग त्यानं माझ्यावर ओलं पोतं टाकलं आणि स्टूल घेऊन राखणीला बसला. सारखा पाणी शिंपडायचा. गिऱ्हाईक आलं की "लांबून, लांबून!" मांजरालासुद्धा वळसा घालायला लावला पठ्ठ्यानं.

वहिनी आपली कात्री न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "भावजी, बूट कुठे आहेत?"

"पायात."

"आणि पाय?"

"इकडे, कोब्यावर. त्याच्यावर नाही, वहिनी. शपथ."

वहिनी हसू दाबत कात्री न घेताच परत गेल्या.

पोतं काढलं त्या सकाळी दादा आला, नव्या चपला घालून. त्यानं तोच जड पंप ट्रॉलीवर चढवला. धाकट्यानं डोळे गच्च मिटले. चाक माझ्यावरून गेलं. साधा खट्ट आवाजसुद्धा झाला नाही.

दादानं शाबासकी दिली नाही. तो चहा प्यायला आणि सवयीनं शेवटचा घोट ओतायला माझ्यावर वाकला.

"दादा, डाग पडेल ना!" धाकटा कळवळून ओरडला.

दादानं खाली पाहिलं. ओतायला जागाच नव्हती. मग त्यानं कप धाकट्यापुढे धरला. "घे बाबा. आता तूच घे."

तर मित्रांनो, खड्डा बटणाएवढा असतानाच बुजवा. आणि बुजवण्याआधी आत साचलेलं सगळं बाहेर काढा. आता मला तोंड उरलेलं नाही. चहाची आठवण येते, नाही असं नाही. पण रोज सकाळी शेवटचा घोट धाकट्याला मिळतो आणि दादाचा पाय माझ्यावर निर्धास्त पडतो. मला तेवढं पुरे आहे.